सर्वांत मोठी परात दाखवा

स्वयंपाकघराचं काम घेतलं की पहिल्या भेटीत मी घरच्यांना एक विनंती करते. घरातली सर्वांत मोठी परात, रोजची कढई आणि कुकर ओट्यावर काढून ठेवा. लोक जरा गोंधळतात. त्यांनी टाइलचे फोटो, शटरचे रंग, चिमणीची माहितीपत्रकं अशी तयारी करून ठेवलेली असते. सिंकबद्दल मात्र दोनच शब्द ठरलेले असतात : ‘मोठं हवं.’ मोठं म्हणजे किती, आणि कोणत्या बाजूनं मोठं, यावर फारसं कुणी बोलत नाही. पुण्यातल्या जुन्या फ्लॅटची स्वयंपाकघरं नव्यानं करून देणं हे माझं काम आहे, आणि या कामात मला सर्वांत जास्त वेळ घालवावासा वाटतो तो या एका मापावर. टाइलचा रंग महिन्याभरात डोळ्यांना सवयीचा होतो. सिंकचं माप रोज दोनदा कमरेला, मनगटाला आणि सांडलेल्या पाण्याला भिडतं.

दुकानात माप विचारलं की उत्तर येतं, ‘चोवीस बाय अठरा’. हे माप बाहेरच्या कडेचं. आत भांडं जिथं टेकतं ती जागा मोजली तर २२ बाय १६ इंच भरते, काही सिंकमध्ये २१ बाय १५. आता ओट्यावर काढून ठेवलेली परात टेपनं मोजायची. चार-पाच माणसांच्या घरात कणीक मळायची परात सोळा-सतरा इंचांची असते. सतरा इंची परात सोळा इंचांच्या जागेत आडवी बसत नाही. ती तिरकी उभी राहते, वरची कड नळाला टेकते, आणि तिच्यावर पडलेलं पाणी उतारावरून थेट घासणाऱ्याच्या पोटावर येतं. कढईचंही तेच. बारा इंची कढई तिच्या दोन कानांसकट मोजली की सहज सोळा इंच होते. माहितीपत्रकात सिंकच्या चित्रात चार सफरचंदं आणि काचेचा एक पेला असतो. सिंक निवडताना डोळ्यांपुढे परात आणि कढई ठेवली पाहिजे, कारण पोळ्या आणि भाजी रोज होतात.

काही जण माळ्यावरची तपेलीही काढून आणतात, गौरी-गणपतीत लागणारी. ती मी मोजत नाही. वर्षातून दोनदा निघणारं भांडं ड्राय बाल्कनीत किंवा न्हाणीघरात बसून घासता येतं. त्याच्यासाठी ओट्याची रोजची जागा घालवू नये. सणाचं भांडं आणि रोजचं भांडं वेगळं काढलं की निम्मा प्रश्न सुटतो.

पुढची अडचण ओट्याची. ओटा साधारण २४ इंच खोल असतो. समोरच्या कडेला ग्रॅनाइटची निदान तीन इंचांची पट्टी राहायला हवी. त्याहून कमी ठेवली तर कटिंग करताना किंवा फरशी उचलून बसवताना ती पट्टी कोपऱ्यातून तडकते. मागे नळाच्या भोकासाठी आणि पुसायला हात जाण्यासाठी आणखी तीन. चोवीसातून सहा गेले, उरले अठरा. सिंकचं पुढून मागचं माप बाजारात इतकं सर्रास अठरा इंच का असतं, याचं उत्तर या वजाबाकीत आहे. ऐंशीच्या दशकातल्या सोसायट्यांमध्ये कडाप्प्याचे ओटे वीस-एकवीस इंचांचेही सापडतात. तिथं अठरा इंची सिंक बसवायला निघालं तर समोर पट्टीच उरत नाही. अशा घरात मी नळ ओट्यावर न घेता भिंतीत घेते. जुन्या घरांत तो तसाच असायचा. मागची जागा वाचते, नळाच्या बुडाशी साठणारं काळं पाणीही टळतं. ओटा वाढवायला जागा असेल तर उत्तमच, पण साडेसहा फूट रुंदीच्या स्वयंपाकघरात तीन इंच ओटा वाढवला की मागून फ्रिजचं दार उघडताना माणसाला बाजूला व्हावं लागतं. एकाला दिलं की दुसऱ्याकडून काढावं लागतं.

लांबी आणि रुंदी निदान लोक विचारतात तरी. खोलीबद्दल क्वचितच कुणी विचारतं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त त्रास तिथूनच होतो.

दुकानदार सांगतो, ‘दहा इंच खोल घ्या, पाणी उडत नाही, भांडी दिसत नाहीत.’ दोन्ही खरं आहे. पण हे दहा इंच खाली कुठं जातात ते पाहा. ओटा जमिनीपासून ३३ इंचांवर. सिंक फरशीच्या खालून बसवलं तर ग्रॅनाइटची पाऊण इंच जाडी आणि दहा इंच खोली मिळून सिंकचा तळ येतो जमिनीपासून सव्वाबावीस इंचांवर. पाच फूट उंचीच्या बाईनं सरळ उभं राहून हात खाली सोडले तर तिची मूठ साधारण पंचवीस-सव्वीस इंचांवर येते. म्हणजे हात पूर्ण लांब सोडूनही तळ लागत नाही, आणि सिंक तर तिच्या पुढ्यात आहे, पायापाशी नाही. उरलेलं अंतर कुठून भरून निघणार? पाठीतून. ती वाकते. डब्यातलं खरकटं काढताना, चमचे वेचताना, तळाला लागलेलं पातेलं घासताना वाकलेलीच राहते.

हे कोण घासतं, हा प्रश्न आमच्या धंद्यात विचारला जायला हवा. शिकत असताना आम्हाला फ्रँकफर्टच्या स्वयंपाकघराबद्दल शिकवलं होतं. मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी १९२६ मध्ये कामगारांच्या वसाहतीसाठी ते आखलं. जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरची खोली, आणि तिच्यात एका बाईचं पाऊल पाऊल मोजून केलेली मांडणी. बसून काम करता यावं म्हणून स्टूलसुद्धा आराखड्यातच होतं. ती मांडणी मोलकरीण नसलेल्या घरासाठी होती. तिथं रांधणारी आणि घासणारी एकच. आपल्या शहरी घरांत पुष्कळ ठिकाणी ती दोन माणसं असतात. ओटा एका बाईच्या उंचीनं ठरतो आणि सिंकशी दुसरीच बाई उभी राहते. तिला मापासाठी कुणी बोलावत नाही, कारण ती घरची नाही.

तिच्या आधीच्या पिढीनं हे काम बसून केलं. चाळीच्या खोलीत एका कोपऱ्यात मोरी असे, वीतभर उंचीचा कठडा घातलेली. पाटावर किंवा उकिडवं बसून राखेनं, नारळाच्या शेंडीनं भांडी घासायची. मोरीला परातीची अडचण कधी आली नाही. ती दोन बाजूंनी मोकळी होती. गुडघ्यांचे हाल मात्र व्हायचे, आणि उभ्यानं भांडी घासायची सोय झाली तेव्हा पुष्कळ बायांना मोठा दिलासा मिळाला असणार. म्हणून मला उभ्या सिंकविरुद्ध काही म्हणायचं नाही. मोरीतल्या गुडघ्यांचं दुखणं सिंकमध्ये कमरेवर ढकलू नये, एवढंच म्हणायचं आहे.

चिंचवडच्या एका घराची गोष्ट सांगते. सासूबाई चार फूट दहा इंच, सूनबाई साडेपाच फूट, भांड्यांना येणाऱ्या मावशी पाच फुटांच्या आतबाहेर. ओट्याची उंची सासू-सुनेत चर्चा होऊन ३३ वर ठरली. स्वयंपाक दोघी करत, ते ठीकच होतं. सिंकच्या वेळी मी म्हटलं, मावशींना एक दिवस अर्धा तास जास्त थांबायला सांगा, त्या वेळेचे पैसे द्या. त्या आल्या तेव्हा सुताराचे प्लायचे तुकडे एकावर एक रचून त्यावर मी नमुन्याचं एक सिंक ठेवलं होतं. आठ इंच खोलीचं. हातात घासणी आणि त्यांच्या रोजच्या घासण्यातलीच कढई दिली. पाण्याशिवाय घासून दाखवा म्हटलं. पहिल्यांदा त्या लाजल्या. मग सिंकच्या कडेला पोट टेकवून त्यांनी कढई घासायला सुरुवात केली, आणि मी खालचे तुकडे एकेक करून वाढवत गेले. कड ३३ वर होती तेव्हा खांदे पुढे झुकलेले होते. ३५ वर मान वर आली. ३६ ला त्या म्हणाल्या, ‘ताई, हितंच ठेवा. आता कंबर बोलत न्हाई.’ ३७ करून पाहिलं तर कोपरं वर उचलली गेली आणि कढई उलटी करायला जोर येईना. मी ३६ वर खूण केली.

म्हणजे सिंकचा भाग ओट्यापेक्षा तीन इंच वर. सूनबाईंना तो चढ दिसायला खटकला. फरशी सलग हवी होती त्यांना, आणि ती इच्छा गैर नव्हती. सलग ओटा पुसायला सोपा जातो, हेही खरं. पण सासूबाईंनी स्वतः त्या रचलेल्या सिंकपाशी उभं राहून पाहिलं आणि त्या चढाच्या बाजूनं झाल्या. चार फूट दहा इंचांच्या बाईला उंच कड सोयीची वाटली, कारण तिचाही हात आता तळाला लागत होता. भाजी चिरायची जागा आणि भांडी घासायची जागा एकाच उंचीवर असावी, असं कुठंही लिहिलेलं नाही. चिरताना हात फरशीच्या वर असतो, घासताना फरशीच्या खाली.

२०२० च्या लॉकडाउननंतर या बाबतीत माझं बोलणं लोकांच्या लवकर लक्षात येऊ लागलं. मावशींना सोसायटीच्या फाटकातून आत सोडत नव्हते ते महिने घरातल्या प्रत्येकानं सिंकशी उभं राहून काढले. साहेब, मुलं, सगळेच. तोवर ‘खोल सिंक द्या’ म्हणणारी माणसं नंतर ‘नऊच्या वर नको’ म्हणू लागली. डिशवॉशर घेणारेही वाढले, पण परात, कढई आणि तवा बहुतेक घरांत हातानंच घासले जातात. तेव्हा सिंकचं माप काही सुटत नाही.

दोन खणांच्या सिंकबद्दल माझं मत ठाम आहे. ४५ बाय २० इंचांचं दोन खणी सिंक पाहायला भारदस्त दिसतं. प्रत्यक्षात एकेक खण सतरा-अठरा इंचांचा होतो, आणि दोन्हीपैकी एकातही परात नीट फिरत नाही. ज्या घरांत एका खणात साबणाचं पाणी भरून भांडी बुडवतात आणि दुसऱ्यात विसळतात, त्या पद्धतीसाठी ते आखलेलं आहे. आपल्याकडे घासणीला साबण लावून भांडी एकामागून एक घासतात, बाजूला रचतात आणि मग वाहत्या नळाखाली विसळतात. आपल्याला खरी गरज असते ती घासलेली भांडी रचायच्या आणि विसळलेली निथळायच्या जागेची. म्हणून तेवढीच लांबी असेल तर मी एक मोठा खण आणि शेजारी उतार दिलेली निथळणी घ्यायला सांगते. ३७ बाय १८ मध्ये ती मिळते. ती नसेल तर ग्रॅनाइटमध्येच सिंककडे उतरणाऱ्या चार बारीक खाचा पाडून घ्यायच्या. दीड-दोन फूट मोकळी जागा सिंकच्या एका बाजूला राहिलीच पाहिजे. ती नसली की ओल्या भांड्यांची टोपली गॅसशेजारी येते आणि दिवसभर तिथंच राहते.

जाळीची जागा हीही मापाचीच गोष्ट. पुष्कळ सिंकांना ती बरोबर मध्यभागी असते. परात पालथी पडली की मधली जाळी झाकली जाते आणि पाणी तुंबल्यासारखं वर चढतं. जाळी मागच्या कोपऱ्यात असेल तर परातीच्या कडेनं पाणी निघून जातं, आणि खाली कपाटातही ट्रॅप मागे सरकल्यामुळे पुढे डबा ठेवायला जागा होते. कपाट २४ इंचांचं असेल तर त्याच्या दोन बाजूंचं प्लाय वजा करून आत साडेबावीस इंचच राहतात. फरशीखालून बसणारं २४ इंची सिंक त्यात मावत नाही. सुतार मग बाजूचं प्लाय कापतो, ती कापलेली कड पाणी पिते, आणि दोन पावसाळ्यांत कपाट फुगतं. त्या सिंकला निदान २७ इंचांचं कपाट हवं, ३० चं असलं तर निवांत.

पोलादाबद्दल थोडक्यात. ३०४ दर्जाचं घ्यावं. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी असतं आणि ते ओलसर जागी लवकर डागाळतं. दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात, त्यावर विसंबू नये. साध्या चुंबकाला दोन्ही दाद देत नाहीत. दर्जा बिलावर लिहून घ्यावा. जाडी एक मिलिमीटरच्या आसपास असावी. पातळ पत्र्यावर कुकर आपटला की शेजारच्या खोलीतलं बाळ उठतं. कोपरे अगदी काटकोनी घेऊ नयेत. त्यांत भाताची शितं अडकतात आणि घासणी पोचत नाही.

सिंक प्रत्यक्ष साइटवर आल्याशिवाय मी ग्रॅनाइटवर खूण करू देत नाही. छापील मापावर कटिंग केलं आणि सिंक पाव इंचानं लहान निघालं तर फरशी परत जुळत नाही. बसवून झालं, सिलिकॉन दोन दिवस वाळलं, की जाळीला बूच लावून ते काठोकाठ भरायचं. २२ बाय १६ बाय १० इंचांच्या खणात पंचावन्न लिटरच्या वर पाणी मावतं, म्हणजे तितकेच किलो वजन फरशीच्या खाली लोंबकळतं. नुसत्या सिलिकॉनवर ते सोडू नये, खालून आधाराच्या पट्ट्या हव्यातच. पंधरा मिनिटांनी बूच काढायचं आणि ट्रॅपखाली आधी पसरलेला वर्तमानपत्राचा कागद पाहायचा. थेंब पडला असेल तर कागदावर त्याचा गोल डाग लगेच दिसतो. ओल्या फरशीवर तो कधीच दिसला नसता.

हात धुवायच्या बेसिनला आपण याहून कमी मान देतो. जुन्या फ्लॅटमध्ये ते बोळकांडीत असतं, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधे. तीन फुटांच्या बोळात १६ इंच पुढे येणारं बेसिन लावलं की वीस इंच वाट उरते. म्हणून लोक बारा इंचांचं चिमुकलं बेसिन लावतात. जेवून उठलेल्या माणसाला तिथं हात कोपरापर्यंत धुवायचे असतात, चूळ भरायची असते. बारा इंचांत चूळ टाकली की समोरच्या टाइलवर शिंतोडे आणि खाली पाय ओले. माझ्या मते १८ बाय १२ हे अशा बोळासाठी कमीत कमी माप. भिंतीच्या लगत लांबी वाढवावी, पुढे येणं कमी ठेवावं. नळाची धार बेसिनच्या मध्यावर पडते की मागच्या कडेवर, हेही बसवण्याआधी हातात धरून पाहावं. धार मागच्या कडेवर पडत असेल तर हात धुताना बोटांची पेरं दर वेळी चिनी मातीवर घासतात.

हल्ली कट्ट्यावर ठेवायच्या वाडगेवजा बेसिनची आवड आहे. ते सुंदर दिसतं, मलाही आवडतं. पण त्याची स्वतःची उंची पाच-सहा इंच असते. कट्टा नेहमीसारखा ३२ वर ठेवला तर काठ ३७-३८ वर जातो, आणि तोंड धुताना पाणी मनगटावरून कोपराकडे उलटं वाहतं. लहान मुलाचा तर हातच पोचत नाही. कट्टा २७ वर आणला तर तेच बेसिन नीट वापरता येतं.

घरात वयस्क माणूस असेल तर आणखी एक पाहते. सकाळी चूळ भरायला वाकताना त्यांचा एक हात कशाचा तरी आधार शोधतो. जवळ काही नसेल तर तो बेसिनची कड धरतो आणि शरीराचा भार तिच्यावर टाकतो. भिंतीला टांगलेलं बेसिन असतं दोन रॅग बोल्टांवर, आणि जुन्या घरातली अर्ध्या विटेची भिंत त्या बोल्टांना किती घट्ट धरून असेल याची खात्री देता येत नाही. म्हणून बेसिनचं माप ठरवतानाच शेजारी फूटभर जागा मी मोकळी राखते आणि तिथं स्टीलचा आडवा बार भिंतीत पक्का करून घेते. टाइल लागायच्या आधी, कारण नंतर टाइल फोडायला कुणी तयार होत नाही.